भिंतीला सोडलेले दाते

मित्रांनो, पौडच्या रस्त्याला भाताच्या गिरणीपुढे चिंचेखाली एक कौलारू खोली दिसते ना, दारं नसलेली, तीच माझी जागा. मी एक जुना मोटारखाना आहे. माझे मालक जयसिंगराव मला गॅरेज म्हणत. त्यांचे वडील कोंडाजी, म्हणजे घरादाराचे आबा, मला 'मोटारीचा गोठा' म्हणत. मला आबांचंच नाव आवडायचं. गोठा म्हटलं की आत आपलं कुणीतरी निजलंय असं वाटतं.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात माझा पाया खणला. जयसिंगरावांनी माले गावातलं घर सोडून इथं गिरणी घातली, मोटार घेतली आणि पुण्यासारखा बंगला बांधायला काढला. एरंडवण्याकडचे नवे बंगले ते स्वतः हिंडून पाहून आले होते. तिकडे म्हणे मोटार घराला चिकटून ठेवत नाहीत. तिच्यासाठी अंगणाच्या कडेला वेगळी खोली बांधतात. पेट्रोलचा वास नको, आगीची भीती नको.

आबांना काही हे पटेना. माले गावी त्यांची बैलजोडी घरातच असायची. माजघर आणि गोठा यांच्यामध्ये एक उंबरा, बस्स. जिथं पाऊस आठ आठ दिवस उघडत नाही, तिथं जनावर लांब बांधून कसं चालेल?

"आपलं वझं वढनारं आपल्या छपराखाली असावं," आबा म्हणाले. "बैलाला काय वास न्हवता व्हय?"

"आबा, मोटार म्हणजे बैल नव्हे."

"म्हून तर म्हनतुया. बैल हंबरून सांगतो तरी. ही मुकी. हिला काय झालं तर सांगनार कोन?"

भिकू गवंडी तोंड फिरवून हसला.  आबांनी दोन दिवस जेवणावर राग काढला, तेव्हा जयसिंगरावांनी तोड काढली. मोटारखाना वेगळाच बांधायचा, पण घराकडच्या भिंतीला दाते सोडायचे. पुढं भिंत वाढवून जोडायची असली, की गवंडी एकाआड एक वीट अर्धी बाहेर ठेवतात. त्या विटांना दाते म्हणतात. नवी भिंत त्यांत अडकून बसते आणि दोन्ही भिंती एक होतात.

"दोन पावसाळे जाऊ द्या आबा, घर जोडतो," असं जयसिंगराव म्हणाले. आबा त्या दिवशी पोटभर जेवले.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! लेकरू आईकडे हात पसरतं ना, तसे मी घराकडे हात पसरून उभा होतो. मध्ये अंगण होतं खरं, पण ते थोड्या दिवसांचं. आबा रोज संध्याकाळी यायचे, त्या विटांवरून हात फिरवायचे, एखादं कोळिष्टक पुसायचे आणि मग हातपाय धुवायला जायचे.

मी माझं काम मन लावून केलं. आषाढात घाटावरून पाऊस आडवा यायचा. माझी कौलं तडतडायची, पण मोटारीच्या टपावर थेंब पडू दिला नाही. उंदरांनी तिच्या गाद्या कुरतडू नयेत म्हणून मांजरीला माझ्या कोनाड्यात विऊही दिलं.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढातली एक दुपार मी कधी विसरणार नाही. जयसिंगरावांच्या मंडळी, रंभाबाई, बाळंतपणाला अडल्या. दवाखान्यात न्यायचं ठरलं. अंगणात गुडघाभर पाणी. डोईवर इरलं धरून, शेजारच्या सगुणाबाईंनी आणि आबांनी त्यांना कसंबसं माझ्यापर्यंत आणलं. त्या चिंब भिजल्या होत्या. मोटार काही सुरू होईना. जयसिंगराव हँडल मारमारून दमले. शेवटी सगुणाबाईंनी त्यांना बाहेर घालवलं, माझी दारं लोटली, आणि माझ्या फरशीवर, घोंगडीवर जया जन्मली. तिचा पहिला टाहो माझ्याच कौलांना लागला.

सगुणाबाई म्हणाल्या, खोली पायगुणाची आहे. आबांचे डोळे भरून आले होते. मधलं अंगण नसतं तर सून भिजली नसती, एवढंच ते बोलले. जयसिंगरावांनी ओल्या हाताने माझ्या दात्यांना स्पर्श केला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "येत्या उन्हाळ्यात जोडतोच."

तो उन्हाळा आला तेव्हा गिरणीचं यंत्र बिघडलं. पुढच्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न निघालं. मग कधी वाळू मिळाली नाही, कधी भिकू मिळाला नाही. जया रांगू लागली, चालू लागली, शाळेत जाऊ लागली. तिची भातुकली माझ्या कोपऱ्यात मांडलेली असे. एकदा चिंचा काढायला ती दात्यांवर पाय ठेवणार, तेवढ्यात आबा ओरडले, "जये, पाय नगं ठिवू. ते जोडायचं हाय." मग ती पुन्हा कधी चढली नाही. संध्याकाळी आबांच्या हातावर आपला हात ठेवून तीही विटा कुरवाळायची.

आबा गेले त्या वर्षीही ते उन्हाळ्याची वाट पाहत होते.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि जयसिंगराव पुन्हा पुण्याला जाऊन आले. आता तिकडची रीत बदलली होती. नव्या घरांत मोटार घरातच ठेवतात, आतून दार असतं, पायाला चिखल लागत नाही, असं ते कौतुकाने सांगू लागले. मी कान टवकारले. मला वाटलं, आलाच माझा दिवस!

भिकू आला, पाया आखायला दोरी लावली. पण ती बंगल्याच्या पलीकडच्या अंगाला लावली.

मी इकडे हात पसरून उभा आणि घराने तिकडच्या बाजूला नवा मोटारखाना पोटाशी धरला. माझी सागवानी दारं काढून त्याला बसवली. नवी मोटार आली, ती तिकडेच गेली. माझ्यात राहिली फुटकी पिंपं, भाताचा पेंढा आणि जयाची भातुकली.

जयाला फार राग आला. आबांनी मना केलेल्या विटेवर तिने मुद्दाम पाय दिला. वीट निखळली आणि तिच्यासकट खाली आली. पोरीला लागलं नाही. पण ती त्या विटेकडे बघतच राहिली. अर्धा तुकडाच होता तो. भिंतीत गेलेलाच नव्हता. वरून चुन्याचा हात आणि आत नुसती लाल माती. तिने दुसरी ओढली, तीही हातात आली.

मित्रांनो, आपल्या पोटातलं आपल्याला कुठं दिसतं? मीही त्याच दिवशी पाहिलं.

जया तो तुकडा घेऊन भिकूकडे गेली. रंभाबाई तिथंच उभ्या होत्या. भिकूने खाली मान घातली. मालकांनी बांधतानाच सांगितलं होतं, म्हणाला. जोडायचं नाही, नुसतं दिसायला बसव.

म्हणजे आषाढातल्या त्या दुपारी, माझ्यावर हात ठेवून शब्द देताना, जयसिंगरावांना आतली माती ठाऊक होती.

"म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला केलं," मागून आलेले जयसिंगराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

रंभाबाई हळूच बोलल्या. "मामंजींना तवाच न्हाई म्हनायचं व्हतं. चिडले असते, चार दिस जेवले नसते आन् इसरले असते. तुमी त्यांना रोज सांजच्याला त्या मातीवर हात फिरवाया लावला."



आज नव्या मोटारीत बसायला घरातून दार आहे. पण रंभाबाई त्या दाराने कधी जात नाहीत. भर पावसात पदर डोक्यावर घेऊन पुढच्या दाराने बाहेर येतात, अंगणातून वळसा घालतात, भिजतात आणि मग मोटारीत बसतात. जाताना माझ्याकडे एकदा बघतात. जयाने ते दोन तुकडे पुन्हा माझ्या खाचांत बसवून ठेवले आहेत. ते टिकणार नाहीत, हे तिलाही माहीत आहे.

मित्रांनो, वेगळं बांधलं म्हणून मी रुसलो नाही. कितीतरी मोटारखाने वेगळे असतात आणि सुखाने उभे असतात. मलाही ते जमलं असतं. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल. ज्याला घरात घ्यायचं असेल त्याला घ्या. नसेल घ्यायचं, तर तसं तोंडावर सांगा आणि त्याची भिंत सपाट बांधा. तिला दाते सोडू नका.