अकरा वर्षं फूल न आलेली

मी एक जुनं झुडूप आहे. लहान मुलांच्या दवाखान्याच्या अंगणात, पायऱ्यांच्या डाव्या हाताला उभी असते. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रडगाणं गाणार नाही. मला चार गोष्टी ठणकावून सांगायच्या आहेत.

दवाखाना उघडला त्या दिवशी कुणीतरी मला कुंडीतून भेट म्हणून आणलं. गळ्यात नावाची चिठ्ठी होती, ती पहिल्याच पाण्यात भिजून गेली. माळीदादांनी मला जमिनीत लावलं आणि हातात कात्री घेतली. दर पंधरा दिवसांनी ते मला छाटत. इतकी गोल, की येणारेजाणारे थांबून म्हणत, "वा, काय चेंडू केलाय!" कौतुक सगळं माळीदादांचं. माझ्याकडे बघून मात्र लोक नाक मुरडत. "हिरवंगार आहे, पण फूल म्हणून नाही!" अहो, येणार कुठून? कळ्या धरायच्या शेंड्यांवर, आणि शेंडे दर पंधरवड्याला कचऱ्याच्या टोपलीत. तरी मी हटले नाही. तुम्ही छाटा, मी फुटते, असं आमचं अकरा वर्षं चाललं.

मग एके दिवशी एका चिमुरडीने माझं पान तोंडात घातलं. तिला काही झालं नाही, पण डॉक्टरबाई धावत बाहेर आल्या. हे झाड कुठलं, हे कुणालाच सांगता येईना. कंपाउंडरने माझं एक पान खुडलं, पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि फोनवर फोटो काढला. फोनने तीन नावं सुचवली. त्यातलं एक विषारी झाडाचं होतं.

"मुलांच्या दवाखान्यात असला धोका नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शनिवारी मुळासकट काढून टाका."

त्यांची काळजी मला कळत होती. पण एवढ्याशा पुराव्यावर मुळासकट? मला भयंकर राग आला, आणि त्या रागातही मी दोन नवे कोंब फोडले.

शनिवारची तयारी म्हणून शुक्रवारी सकाळीच माळीदादा माझ्याभोवती खणायला लागले. त्याच वेळी बाहेरच्या बाकावर एक आत्या खोकणाऱ्या भाचीला घेऊन नंबराची वाट बघत बसली होती. ती रोपवाटिकेत कलमं बांधायची. तिच्या बोटांवर सुरीचे बारीक वण होते.

"का काढताय हो हिला?" तिने विचारलं. कंपाउंडरने ऐटीत फोन पुढे केला. आत्याला हसू आवरेना.

"अहो, हे पान नाहीच. पानाचा तुकडा आहे."

"तुकडा कसा? चांगलं अख्खं तोडलंय मी," कंपाउंडर फुरंगटून म्हणाला.

आत्याने माझी फांदी वाकवली. "पानाच्या बगलेत डोळा असतो, जिथून नवी फांदी फुटते. या बारक्या पानांच्या बुडाशी दिसतोय कुठे? नाही ना? आता हा मधला देठ फांदीला चिकटलाय, तिथे बघा."

डोळा तिथे होता. मोहरीएवढा, हिरवा. अकरा वर्षांत तो पहिल्यांदा कुणीतरी पाहिला.

"म्हणजे ही सातही मिळून एकच पान," आत्या म्हणाली. तिने पान उजेडात धरलं. त्यात सुईने टोचल्यासारखे ठिपके चमकले. मग ते चुरगळून कंपाउंडरच्या नाकाशी नेलं. लिंबाच्या सालीसारखा वास आला. एवढ्यात डॉक्टरबाईही बाहेर आल्या.

"ही कुंती आहे," आत्याने त्यांना सांगितलं. "विषारी नाही. पांढरी फुलं येतात, अंगणभर वास सुटतो."

"हिला तर अकरा वर्षांत एकही फूल आलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आत्याने माझ्या गोलाईकडे पाहिलं, मग कात्रीकडे. "येऊ कुठे दिलंय?"

माळीदादांनी मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "ठीक आहे. तीन महिने थांबू. तोवर मुलांना दूर ठेवा. फूल आलं नाही, तर मात्र काढायची."

"पण मग माझा चेंडू मोडेल हो," माळीदादा पुटपुटले.

"चेंडू हवाय की झाड?" आत्याने विचारलं. आतून भाचीच्या नावाचा पुकारा झाला आणि ती गेली. मग माळीदादांनी उकरलेली माती पायाने परत माझ्याकडे लोटली आणि कात्री खिळ्याला अडकवली.

मी वाढले, वेडीवाकडी, मनाला येईल तशी. लोक म्हणाले, "काय हा अवतार!" माळीदादा दोनदा कात्रीपर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी परत आले. तिसरा महिना संपायला चार दिवस उरले होते. सकाळी झाडू घेऊन ते पायऱ्यांपाशी आले आणि वासाने जागच्या जागी थबकले. माझ्या शेंड्याशेंड्यावर पांढरी फुलं होती. "अकरा वर्षं मी..." एवढंच ते बोलले आणि पायरीवर बसून डोळे पुसू लागले. मला त्यांचा राग होता, तो तेव्हा गेला.

मित्रांनो, अनोळखी झाड तोंडात घालू नका, आणि एक तुकडा तोडून त्याचा निकालही लावू नका. अख्खं पान बघा, डोळा शोधा आणि कात्रीला जरा सुट्टी द्या. डॉक्टरबाईंनी आता माझ्या पायाशी नावाची पाटी लावली आहे. चांगली आहे पाटी. पण ती नव्हती, तेव्हाही मी कुंतीच होते.