मांगरातली पाहुणी

अनुजाने डोळे उघडले तेव्हा तिच्या तोंडावर कुणीतरी ऊन ऊन श्वास टाकत होतं. खाटेला पोट टेकवून एक तांबडी गाय उभी होती. दारातून आलेल्या मावळतीच्या तिरप्या उन्हात तिच्या अंगावरची लव धुरासारखी दिसत होती. अनुजाला भीती वाटली नाही. स्वप्नच पुढे चाललंय असं समजून तिने हात वर केला, आणि गायीने तो चाटला. जीभ चांगलीच खरखरीत होती.

"गो पवळे! भायर हो पयली!"

मालकीण मथुराकाकी पदर खोचत धावत आली. गाय हलेना. काकीने दोन्ही हातांनी तिची मान हळूच वळवली.

"रागावू नकात हां. ह्यो मांगर तिचोच होतो. माज्या झिलान, मंगेशान, फरशी घातल्यान, खाट हाडल्यान, आणि हिका वरच्या वाडीत तुळसाकडे दिल्यान. पण सांज झाली की ही आपली येता. मागचे पावणे लय बोलले. उद्या तुळसाक सांगतंय, घट बांधून ठेव म्हणान."

'राहू दे तिला' हे शब्द अनुजाच्या ओठांपर्यंत आले. तोवर दोघी अंगणाबाहेर गेल्या होत्या.

अनुजा आचऱ्याला, काकीच्या मुलाने पाहुण्यांसाठी खोली केलेल्या ह्या मांगरात, म्हणजे जुन्या गोठ्यात, एकटीच राहायला आली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिची आई गेली. शेवटची दोन वर्षं आई अंथरुणालाच खिळून होती आणि अनुजा तिच्या उशाशी. मग भावाने, मितेशने, त्या खोलीत आपलं टेबल मांडलं. 'बरं केलंस,' असं तीच म्हणाली होती. तरी संध्याकाळ झाली की तिची पावलं चहाचा कप घेऊन त्याच दाराशी जायची. मितेश मान वर करायचा. "तुलाच आणलाय," ती म्हणायची, आणि तो बिनसाखरेचा चहा मितेश पिऊन टाकायचा. शेवटी त्यानेच तिला चार दिवस कुठेतरी जाऊन ये म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार ओसरल्यावर अनुजाने खाट ओढत खिडकीपाशी नेली. मधली फरशी मोकळी झाली. तिने दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली. चिऱ्याच्या भिंतींना अजून गवताचा वास होता. माडांच्या सावल्या लांबत लांबत तिच्या पायांवरून आत गेल्या, समुद्राची गाज जवळ आल्यासारखी झाली, आणि आपण बसलोय की तरंगतोय हे तिला कळेना.

गाय आली नाही. आली ती काकी. तिच्या काखेत हिरव्या गवताची पेंढी होती.

सरकवलेली खाट पाहून काकी थबकली. मग तिची नजर आपल्याच काखेकडे गेली.

"बग गो," ती हसली, पण हसू पुरं झालं नाही. "मीच सकाळी तुळसाक बांधूक सांगितलंय, आणि मीच गवत घेऊन इलंय."

अनुजा उठली. चपला पायांत सरकवल्या.

"चला काकी, आणूया तिला."

"आणि पावण्यांका काय सांगू?"

"पाहुणी मीच आहे ना?"

तुळसाच्या अंगणात पवळी दाव्याला ताण देऊन उभी होती. दावं सोडल्यावर कुणी तिला धरलं नाही. पायवाटेने ती पुढे चालली आणि मागून दोघी. मांगरात शिरून ती मधोमध बसली आणि सगळं अंग रिकामं होईल एवढा मोठा सुस्कारा तिने टाकला. अनुजा तिच्या पाठीला टेकून फरशीवर बसली. काकी दारातच बसली. गाय रवंथ करू लागली.

"तुज्या आवशीचा नाव काय गो?" काकीने विचारलं.

आई गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे तारीख विचारायचे, आजार विचारायचे.



"नर्मदा," ती म्हणाली. आणि मग, कुणी न विचारताच, सांगू लागली.