लांब पडलेला बोल्ट

मेकॅनिकच्या तळहातावर काळ्या रबराचा पट्टा होता आणि त्याच्या एका कडेने दोरे लोंबत होते, जुन्या सतरंजीची किनार उसवावी तसे. त्याने एक दोरा ओढून पाहिला. सहज सुटला.

"टायमिंग बेल्ट," मेकॅनिक म्हणाला. "चालत्या गाडीत तुटला असता तर इंजिनाचा आतून चुराडा. नशीब, कुईकुई ऐकून गाडी आणलीत."

नशीब... चाकाच्या खुर्चीत बसून तो पाहत राहिला. कालच उड्डाणपुलावर मागे ट्रकची रांग होती. तिथे गाडी बंद पडली असती तर उतरून बाजूला होणंसुद्धा —

"पण बेल्ट नवा आहे. असा कसा फाटला?"

मेकॅनिकने टॉर्च धरला. "ॲक्सिलरेटर हातानं चालावा म्हणून ही केबल टाकलीय ना, तिची पट्टी बेल्टच्या कव्हरवर आवळलीय. बोल्ट लांब पडला. टोक आत घासतंय. कुणाचं काम हे?"

"आहे एक ओळखीचा."

मेहुण्याचं. बायकोच्या धाकट्या भावाचं. पाठीच्या ऑपरेशननंतर पाय गेले आणि घरात सगळे दबक्या आवाजात बोलू लागले, तेव्हा आपलं वेल्डिंगचं दुकान बंद ठेवून त्यानेच बिनक्लचची जुनी गाडी शोधली, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताशी आणून दिले. तेव्हापासून सासरी एकच वाक्य — "याच्यामुळे तुम्ही पुन्हा उभे राहिलात हो!" उभे! कुणाला त्यात काही खटकत नसे. पाहुणे आले की मेहुणा त्याला गाडीत बसवून लिव्हर ओढून दाखवायला लावी, आणि तो हसे... ते आभाराचं हसू त्याच्या तोंडावर असं बसलं होतं की दाढी करताना आरशात आधी तेच दिसायचं.

आणि आता त्या बोल्टच्या टोकाकडे पाहताना छातीत काहीतरी सैल झालं. भीती नव्हे. सुटका होती ती, सरळसरळ सुटका. फिटलं सगळं.

त्याने बायकोला फोन केला, तेव्हाच त्याला ठाऊक होतं की ती भावाला पाठवणार. तो येईपर्यंत त्याने वाक्य घोळवून ठेवलं. आवाज चढवायचा नाही. फक्त म्हणायचं, तू मला मारणार होतास.

मेहुणा पिकअपमधून उतरला, शर्टावर ठिणग्यांची भोकं, तोंडात शीळ. "काय भावोजी, घोडं रुसलं का?"

त्याने तोंड उघडलं. पण मेहुण्याने टॉर्च उचलून बॉनेटखाली मान घातली होती. शीळ थांबली. मान बराच वेळ वर आली नाही.

"माझाच बोल्ट आहे," आतूनच तो म्हणाला. "छोटा संपला होता. म्हटलं, चालून जाईल..." मग एका टायरवर तो बसला. "ताईपण असते ना हो गाडीत तुमच्याबरोबर."

"होतं असं कधीकधी," त्याच्या तोंडून निघून गेलं. आणि तो आवाज त्याला ओळखू आला — दवाखान्यात खाटेशी येऊन माणसं त्याच्याशी बोलत, तो मऊ, कोमट आवाज. घोळवलेलं वाक्य तसंच आत राहिलं. तेवढा रागही मेहुण्याने परस्पर उचलला, न विचारता, जशी खुर्ची उचलायचा.

"बेल्ट नवा टाकून घ्या," मेहुणा म्हणाला. "पण ती पट्टी दुसऱ्या कुणाकडून बसवा. मी आता हात लावणार नाही."

दुसरं कोण हे काम करतं, दोघांनाही माहीत नव्हतं. वेडा आहेस का, तूच बसव — एवढंच म्हणायला हवं होतं. मेहुणा ते ऐकायला थांबलाही असावा, टायरवरून उठताना जरा जास्तच वेळ घेतला त्याने. त्याने खुर्ची पिकअपकडे वळवली.

मेहुण्याने त्याला उचलून पिकअपमध्ये बसवलं. त्याने मेहुण्याची मान घट्ट धरली. पिकअप निघाली. कडेने दुकानं सरत होती. मेहुण्याच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कळवळा येत होता, अगदी खरा. आणि त्या कळवळ्याच्या तळाशी काहीतरी लहानसं, टणक, समाधानी बसून होतं. ते निघून जावं म्हणून तो वाट पाहत राहिला. घराचं वळण आलं, तरी ते तिथेच होतं — आणि आता बायकोसमोर कोणता चेहरा घेऊन उतरायचं, हे त्याला सुचत नव्हतं.