सांगीसन निंघ

"आरे, पन तिले सांगीसन तरी निंघ!"

मंदाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मांडीवर झोपलेल्या भूमिकाचे दोन्ही हात हवेत उडाले. पोर उठली की काय म्हणून मयुरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नाही उठली. मग तिने सासूबाईंच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. त्या टीव्हीकडे बघत होत्या आणि टीव्हीवर ललितचा गेम चालू होता. त्यातला पोरगा घर सोडून निघाला होता.

एप्रिल होता, आणि सोनगीरच्या त्या घरात कूलर एकच. त्यामुळे दुपारी सगळे पुढच्या खोलीत. मंदाबाई अंगणवाडीत मदतनीस, रविवारी सुट्टी. सकाळी उठून त्यांनी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातले होते आणि आता नातीला थोपटत त्या कूलरपुढे बसल्या होत्या. त्यांच्या मालिका रविवारी नसतात.

"कोनले सांगू?" ललितने न वळता विचारलं.

"त्यानी मायले! आते घरमा व्हती ना ती, चुल्हापा?"

"तिनं काम सरनं, माय. ती एकच वाक्य बोलस. गेटवर बठ्ठा लोके वाट देखी ऱ्हायनात."

"मायनं काम सरस का रे कधी?"

मयुरीला हसू आलं, आणि लगेच तिने ललितकडे पाहिलं. हल्ली कुठलंही बोलणं त्या एका गोष्टीच्या जवळ आलं की तिची नजर अशी त्याच्याकडे जायची.

ती गोष्ट अशी, की ललितला सुरतेत नोकरी लागली होती. कापसाच्या जिनिंगवाल्यांचे, धान्यबाजाराचे वजनकाटे दुरुस्त करत तो धुळे आणि जळगाव जिल्ह्यात मोटरसायकलवर हिंडायचा. आता काटे बनवणाऱ्या कारखान्यातच त्याला घेतलं होतं. खोली बघून झाली होती. पुढच्या महिन्यात निघायचं होतं. मंदाबाईंना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. "मी सांगतो, तू नको बोलूस," असं त्याने मयुरीला बजावलं होतं, आणि दर रविवारी सकाळी "आज सांगतो" म्हणत तो दर रविवारी दुपारी गेम लावून बसत होता.

तसा त्याचा स्वभावच होता. ललित कुठूनही निघायचा तो सांगून कधी निघायचाच नाही. सकाळी मोटरसायकलचा आवाज आला की घरच्यांना कळायचं, गेला. त्याच्या बहिणीच्या, पुनमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता तेव्हा हा जीपच्या चाकांतली हवा बघत होता. मयुरी बाळंतपणाला जळगावला माहेरी निघाली तेव्हाही तो अचानक गावात काहीतरी आणायला गेला. आधी तिला राग यायचा. पुढे लक्षात आलं, निरोपाची वेळ आली की या माणसाला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नाही. पण सुरतेचं तसं चालणार नव्हतं. हा एक दिवस सामान टेम्पोत टाकेल, गाडी सुरू करेल, आणि उंबऱ्यात आपण उभ्या राहू सासूबाईंसमोर, कडेवर पोर घेऊन. हे चित्र तिला भांडी घासतानाही दिसायचं.

गेम मात्र तो पुनःपुन्हा सुरू करायचा. शिरपूरला डिप्लोमाला असताना होस्टेलवर कुणीतरी दिलेला तो गेम. डोंगरातलं एक गाव, त्यातला एक पोरगा, गावावर संकट येतं आणि पोरगा वेशीबाहेर पडतो. पुढे राज्यं, जंगलं, राक्षस. एकदा तलवारवाला होऊन, एकदा जादूगार होऊन, एकदा चोर होऊन त्याने तो इतक्या वेळा पुरा केला होता की मयुरीलाही त्यातले आवाज पाठ झाले होते. गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर लोक त्याला अडचणी विचारायचे. "ह्यात मला माहीत नाही असं काही उरलेलंच नाही," तो म्हणायचा, आणि हे सांगताना त्याचा चेहरा जितका मोकळा व्हायचा तितका एरवी क्वचितच.

पडद्यावर वेशीचा पहारेकरी त्या पोराला विचारत होता. ललितने आईला अहिराणीत सांगितलं, "इचारस, तयार शे का?"

"नही म्हन."

"माय, 'हां'च म्हनाना ऱ्हास. नही म्हनं ते तो परत तेच इचारस."

"मंग परत नही म्हन. पोऱ्या घर सोडी ऱ्हायना अन् मायले सांगत नही. कसा वागस तो! तुना गडी शे ना, तुनागतच व्हई."

भूमिकाची झोप मोडू नये एवढ्याचसाठी बहुधा, ललितने 'अजून नाही'वर बटण दाबलं. पहारेकरी म्हणाला, लवकर ये. गडी मागे वळला, दगडी पायऱ्या चढून आपल्या घरात शिरला.

चुलीपाशी कुणी नव्हतं.

ललित थोडा पुढे सरकला. "ही आठेच ऱ्हास," तो म्हणाला. "कायम आठेच." त्याने घरभर गडी फिरवला. खाट, मडकी, कोनाडा. "गई कथी?"

"घरमा नही ते मांगे देख."

"मांगे काहीच नही. भीत शे नुसती."

"बाईले रडू उनं ते ती मांगेच जास रे," मंदाबाई अगदी सहज म्हणाल्या, भूमिकाच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत. "पुढला दारे लोके ऱ्हातस."

मयुरीने चौकट धरली.

ललितने गडी घराच्या बाजूने नेला. भिंत आणि डोंगर यांच्यामध्ये एक चिंचोळी फट होती, कुणी माणूस जाईल असं वाटूच नये इतकी. गडी आत घुसला आणि दिसेनासा झाला. नुसती वाळलेली पानं वाजत होती. मग पडद्याच्या कोपऱ्यात बटणाची खूण उजळली. ललितने ती दाबली.

घराच्या मागे, पाठमोरी, ती बाई उभी होती. तिथे वाजलेलं संगीत मयुरीने या घरात पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं. ललितनेही ऐकलं नसावं, कारण त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. बाई वळली. खाली अक्षरं उमटली.

"काय म्हनस?" मंदाबाईंनी विचारलं.

ललितने अक्षरं दोनदा वाचली. "म्हनस, माले वाटनं तू निंघी गया."

"मंग? तू काय सांगस?"

"दोन उत्तरं शेतस. एक, मी जास. दुसरं, मी परत येस."

"जास नको म्हनू. येस म्हन."

त्याने दाबलं. बाईने डोळे पुसले आणि काहीतरी बोलली. ललितच्या गळ्यातून हसण्यासारखा आवाज आला. "इचारस, जेवना का?"

"देख!" मंदाबाई इतक्या खुशीत हसल्या की भूमिका खरोखरच जागी झाली. "कथानीबी माय ऱ्हाओ, जेवानंच इचारस! इतला वरीस खेयना तू अन् तिले एकदाबी भेटना नही?"

"माले माहीतच नव्हतं, माय. कोनलेच माहीत नही."

आता हा फोन उचलणार, ग्रुपवर टाकणार, असं मयुरीला वाटलं. फोन त्याच्या गुडघ्यापाशीच होता. पण ललित पडद्यावरच्या बाईकडे बघत बसला होता. ती आता काही बोलत नव्हती, नुसती उभी होती.

"तू शिरपूरले गया तवय," मंदाबाई म्हणाल्या, भूमिकाला खांद्यावर घेत, "मी बी मांगेच व्हतू. दशम्यासना डबा धरीसन."

"मंग हाक काबर नही मारी?"

"तू गाडीमा बठेल व्हता ना." त्यात तक्रार नव्हती. तेव्हा पाऊस होता किंवा ऊन होतं असं सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं. त्याचा आवाज कोरडा झाला होता. एरवी मयुरी लगेच बादली घेऊन धावली असती. आज ती हलली नाही. ललितने हातातलं गेमचं यंत्र खाली ठेवलं, चटईवर, आणि मग त्याला हातांचं काय करावं ते कळेना. त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.

"माय, आम्ही सुरत चालनूत."

मंदाबाईंचा भूमिकाच्या पाठीवरचा हात थांबला. परत सुरू झाला.

"फिराले?"

"नही. नोकरी लागनी. काटासना कारखानामा. पुढला महिनामा जानं शे."

"हिले लईसन?"

"हां."

मयुरीला वाटलं, आता पुढे होऊन काहीतरी बोलावं. आम्ही दर महिन्याला येऊ, तुम्हीही चला, अंगणवाडीची थोडीच वर्षं राहिलीत. सगळी वाक्यं तिने कितीतरी दिवस तयार करून ठेवली होती. ती फक्त चौकट सोडून एक पाऊल पुढे आली.

"पानी कसं शे तठलं?" मंदाबाईंनी विचारलं. "पोरले मानवी ना?"

"मानवी."

"बरं," त्या म्हणाल्या. भूमिकाला त्यांनी मयुरीच्या हातात दिलं, देताना तिचं झबलं नीट केलं, आणि पदर डोक्यावर घेऊन उठल्या. मागच्या दाराकडे न जाता त्या सरळ पुढच्या दाराने बाहेर गेल्या आणि भर उन्हात ओट्यावर जाऊन बसल्या. समोरच्या घरातल्या प्रमिलाअक्का दारात शेंगा फोडत होत्या.

"अक्का, आयकं का?" मंदाबाईंचा आवाज घरात स्वच्छ ऐकू आला, अंगणवाडीत पोरांना ओळीत बसवतात तो. "ललितले सुरतमा नोकरी लागनी. कारखानामा. मोठा सायेब शे तठे."

आत मयुरीने ललितकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"काय सांगस! मंग घर?"

"घर शे ना. दोन खोल्या, गच्ची."

सुरतेतली खोली एकच होती. स्वयंपाकाचा ओटा त्यातच. गच्ची मालकाची.

"अन् तुनं काय वं, मंदा? तू एकलीच ऱ्हाशी आठे?"

मयुरीने भूमिकाला घट्ट धरलं.

"एकली कशी?" मंदाबाई म्हणाल्या. "मनाकरता तिसरी खोली शे. मी जाई-यी करसू."

ललित उठला. आता हा मोटरसायकलची किल्ली शोधेल, मयुरीने मनात म्हटलं. पण तो अनवाणीच दाराबाहेर गेला आणि उन्हात उभा राहिला.

"रस्ताकडली खोली शे, अक्का," तो म्हणाला. "हवा चांगली येस."

मंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या ओट्यावर किंचित सरकल्या आणि सावलीकडची जागा त्याला करून दिली.