चिमीला पालथं घालायचं कुणी

प्रमिलाबाई चपला काढत होत्या, तेवढ्यात भूषण दारात आडवा आला.

"अक्का, उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "आजचंही राहू द्या."

अठ्ठावीस वर्षं त्या पिंप्राळ्यात बाळंतिणींच्या घरी जात होत्या. सकाळी सात ते अकरा, चार घरं. बाळाला तेल, आंघोळ, शेक, मग आईची कंबर चोळायची. हे काम त्यांना सासूने शिकवलं होतं आणि त्याच्यावरच त्यांनी दोन मुली वाढवल्या होत्या. इतक्या वर्षांत दारातून परत कुणी पाठवलं नव्हतं.

"काऊन? काय झालं?"

भूषणने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. आदल्या दिवशी त्याने आतल्या खोलीतून गुपचूप काढलेला व्हिडिओ होता. तीन महिन्यांची चिमी तेलाने चकचकलेली, तिचे दोन्ही घोटे प्रमिलाबाईंच्या मुठीत आणि डोकं खाली. एक झोका, दुसरा, तिसरा.

"त्यानं अंग मोकळं होते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "साऱ्याच पोरांचं करते मी."

"म्हणूनच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलाय. साऱ्यांना कळू द्या."

प्रमिलाबाईंना आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. आत त्याची बायको चारुलता बाळाला घेऊन उभी होती, पण ती खाली बघत राहिली. बाईंनी चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि जिना उतरल्या. खाली उतरेपर्यंत त्यांना भूषणला सुनवायची दहा वाक्यं सुचली होती, आणि एकही तोंडातून निघालं नव्हतं याचाच राग जास्त आला.

त्या आठवड्यात आणखी दोन घरांनी येऊ नका म्हणून निरोप पाठवला. एकीने सांगितलं, गावाहून सासूबाई आल्या आहेत. दुसरीने तेवढंही सांगितलं नाही. बाजारात भाजी घेताना एक बाई दुसरीच्या कानाशी लागली आणि दोघींनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी हातातली वांगी तिथेच टाकली आणि घरी आल्या. मुलीचा फोन आला, ती म्हणाली, "जाऊ दे ना आई." त्यांनी फोन ठेवून दिला. जाऊ दे म्हणणाऱ्यांचा त्यांना आयुष्यभर संताप येत आला होता.

दहाव्या दिवशी चारुलताचा फोन आला. मागून चिमीचं रडणं ऐकू येत होतं.

"अक्का, या ना. हे कामावर गेलेत. संध्याकाळपर्यंत येत नाहीत."

प्रमिलाबाई गेल्या त्या भांडायलाच. वाटेत सगळं ठरवलं होतं, काय बोलायचं आणि कसं. पण दार उघडलं आणि ते तसंच राहिलं. हॉलच्या मधोमध जाड चटई अंथरली होती. तिच्यावर चिमी पालथी पडलेली, गाल चटईला चिकटलेला, चेहरा लालबुंद, आवाज बसलेला. शेजारी मोबाइलवर मिनिटं उलटी धावत होती. चारुलता भिंतीला टेकून बसली होती आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"उचलत काऊन नाहीस तिले?"

"दहा मिनिटं व्हायची आहेत." चारुलताचा आवाज फाटला. "डॉक्टर म्हणाल्या, मान कच्ची आहे, पोटावर ठेवत जा. मग यांनी मोबाइलमध्ये शोधून तक्ता केला. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. आधी उचललं तर म्हणतात, तुझ्यामुळेच ती मागे राहणार. यांच्या भावाचा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत चालला नव्हता. तेव्हापासून यांच्या मनात भीती बसलीये. काल ती ओकली, तरी उरलेली चार मिनिटं पुरी करायला लावली."

प्रमिलाबाईंनी पोरीला उचललं. खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, हुंदके थांबेपर्यंत फिरवली. मग जमिनीवर बैठक मारली, पाय लांब केले आणि चिमीला आपल्या नडग्यांवर पालथं घातलं. छाती जरा उंच, हात पुढे मोकळे, बाईंचा एक तळवा तिच्या ढुंगणावर.

"तू समोर येऊन पड," त्या चारुलताला म्हणाल्या. "तिले तुझं तोंड दिसू दे."

चारुलता जमिनीवर पोटावर पडली. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. चिमीने डोळे वर केले. मग कपाळ. मग डोकं उचललं, ते लटपटलं, खाली गेलं, पुन्हा उचललं गेलं. रडली नाही. आईच्या नाकाकडे बघून तिने लाळेचा बुडबुडा काढला.

"हे काय आहे मग?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "पालथीच आहे ना ती? चटईनं मान धरते आणि पायावर नाही धरत, असं कोणी सांगितलं तुमाले?"

चारुलता हसायला लागली आणि हसता हसता रडली. म्हणाली, "रोज या ना अक्का. दुपारी. यांना नाही सांगणार मी."

प्रमिलाबाईंचा हात थांबला.

"चोरून?"

"भांडण नको म्हणून."

"मी चोर आहे का? मी अठ्ठावीस वर्षं पुढच्या दारानं आली. माझं तोंड साऱ्या कॉलनीनं पाहिलं त्याच्या मोबाइलवर. आता मी मागच्या दारानं येऊ?" त्यांनी चिमीला चारुलताच्या हातात दिलं. "नाही. तो येईपर्यंत बसते मी इथंच."

आणि त्या बसल्या. चहा नको म्हणाल्या, जेवण नको म्हणाल्या. साडेपाचला भूषण आला, तेव्हा त्या हॉलमध्ये चटईच्या बाजूला ताठ बसलेल्या होत्या.

"तुम्ही इथे कशा?"

"बसली आहे. पोलिसांत देतो का?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "मी काय सांगितलं होतं तुला?"

"तिच्याशी नंतर बोल. आधी माझ्याशी बोल." प्रमिलाबाई त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होत्या आणि ते दोघांनाही जाणवलं. "डॉक्टरनं पोटावर ठेवा सांगितलं. रडवा सांगितलं का? ओकेपर्यंत ठेवा सांगितलं का?"

"तुम्ही मला शिकवू नका. पोरीला पायाला धरून टांगता तुम्ही."

"मग चल डॉक्टरकडे. मी बी येते. तिथं सांगू दे कोण चुकलं ते."

भूषणला वाटलं असावं, बाई माघार घेईल. बाईंनी पदर खोचला आणि रिक्षा बघायला खाली उतरल्या.

दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांनी त्यांना तिथेच बसणाऱ्या सुलक्षणा मॅडमकडे पाठवलं. लहान मुलांना व्यायाम देणं हे त्यांचं काम. वय तिशीचं, आवाज शांत. त्यांनी चिमीला हातात घेतलं, बसवून पाहिलं, कुशीवर वळवलं, समोर खुळखुळा फिरवला. मग म्हणाल्या, "अक्का, तुम्ही कसं घेता ते दाखवा."

प्रमिलाबाईंनी तिथल्या गादीवर पाय पसरले. चिमी पालथी पडली आणि डोकं उचलून मॅडमच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत राहिली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "हे पोटावर ठेवणंच आहे. चटईच लागते असं नाही. तुम्ही उताणे झोपा आणि तिला छातीवर घ्या. मांडीवर आडवी घाला. हातावर पालथी घेऊन घरभर फिरा. पाठीशी टॉवेलची गुंडाळी देऊन कुशीवर ठेवा, म्हणजे हात समोर येतात आणि ती खेळते. खांद्याशी उभी धरली, तरी मानेला काम मिळतं. दोन मिनिटं जमली तर दोनच. दिवसातून दहा वेळा करा. रडायला लागली की उचला. ती जागी हवी, पोट भरलेलं नको, आणि कुणीतरी बघत असायला हवं. झोपवताना मात्र उताणीच."

भूषण म्हणाला, "मी तक्ता केला होता."

"तक्ता तुमच्यासाठी ठीक आहे. तिला वाचता येत नाही."

प्रमिलाबाईंना तेव्हा हसू आलं असतं. पण भूषणने मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ लावला. मॅडमनी तो दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"अक्का, हे पुन्हा करायचं नाही. कुणाच्याच बाळाला नाही. मान सांभाळता येत नाही त्या वयात. खुब्याचे सांधे कच्चे असतात. डोक्याला झटका बसतो."

"अठ्ठावीस वर्षं केलं. एका पोराला काही झालं नाही."

"झालं असतं तर तुम्हाला सांगायला कोण आलं असतं?"

त्यांनी हे चढ्या आवाजात म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते प्रमिलाबाईंना लागलं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की त्यांचं त्या घरी जाणं बंद होई. पुढे ते चाललं कधी, लंगडलं का, मान कधी धरली, यातलं त्यांच्यापर्यंत काही आलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. सासूने करून दाखवलं, त्यांनी केलं. सासूवर आता राग काढावा तर ती जाऊन वीस वर्षं झाली होती.

बाहेर आल्यावर भूषण म्हणाला, "बघा. मी सांगत होतो."

मग मात्र बांध फुटला. दवाखान्याच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

"अर्धंच ऐकलं का रे तू? मी चुकली. हो, चुकली, उद्यापासून नाही टांगणार. पण तू? दहा दिवस पोरीचा आवाज बसवला. हिले हात मांडीखाली घालून बसवलं. तुझा व्हिडिओ कोणी काढला? तुझा कोणी ग्रुपवर टाकला? मले घरात बसवून सांगितलं असतं ना, अक्का, हे करू नका, तर मी ऐकलं नसतं कदाचित, भांडली असती. पण ते तुझ्या माझ्यात राहिलं असतं."

"काढून टाकतो तो व्हिडिओ."

"काढून काय होते? पाहिला साऱ्यांनी. मॅडम काय बोलल्या ते टाक. दोन्ही टाक, माझं बी अन् तुझं बी."

भूषणने मोबाइल खिशात घातला. इतका वेळ चिमीला घेऊन मागे उभी असलेली चारुलता पुढे झाली. "तुम्ही नाही टाकलं तर मी टाकेन," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या माहेरी देवपूरला बठ्ठ्यांना, एकूण एकाला पाठवेन."

त्याने रिक्षातच लिहिलं. प्रमिलाबाईंनी चारुलताकडून मोठ्याने वाचून घेतलं. तक्त्याचं वाक्य त्याने गाळलं होतं. ते त्यांनी घालायला लावलं.

हातातून गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं. दुसरं नाही आलं. पंधरवड्याने एका नव्या घरी आजीबाई म्हणाल्या, पायाला धरून तीन झोके द्या, आमच्याकडे देतात. प्रमिलाबाईंनी सरळ नाही म्हटलं. आजीबाई फुगल्या, त्याही फुगल्या. त्या दिवशी बाळाच्या मांड्यांना तेल लावताना त्यांचा हात नेहमीपेक्षा हलका पडत होता आणि त्याचाही त्यांना राग येत होता.

चारुलताकडे प्रमिलाबाई पुन्हा जाऊ लागल्या होत्या, आणि चिमी पाच महिन्यांची झाली तरी ते जाणं थांबलं नव्हतं. एका रविवारी त्या गेल्या, तर भूषण फरशीवर उताणा पडला होता आणि चिमी त्याच्या छातीवर पालथी. दोन्ही कोपरांवर रेटा देऊन तिने डोकं चांगलं वर उचललेलं होतं आणि ती बापाच्या चष्म्याला हात घालत होती.

"अक्का, बघा ना," तो म्हणाला. "तीन मिनिटं झाली."

"बनियन घामानं ओलं आहे तुझं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पोरीला पुरळ येईल. बदल आधी."

चारुलताने चहा घेता का विचारलं. त्या घरी अजून त्या चहा घेत नव्हत्या. त्यांनी तेलाची वाटी मागितली आणि पाय लांब करून बसल्या.