अर्धवट कामाचा फळा

प्रताप नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर चोवीस टेबलं होती आणि त्यांतली पंधरा भरलेली होती. ज्याला हवं त्याने टेबल भाड्याने घ्यावं, आपापलं काम करावं, अशी ती जागा. कामिनी ती सांभाळायची. मालक विक्कीभाऊ महिन्यातून एकदा यायचे आणि उभ्याउभ्याच बोलायचे.

“ताई, दिवाळीपर्यंत पाहतो. नाही जमलं तर इथं अभ्यासिका टाकतो. पार्टिशन ठोकले का छत्तीस पोट्टे बसतात, अन् एकही बोलत नाही.”

“आताही कोणी बोलत नाही, भाऊ.”

“मंग फरक काय?”

हा प्रश्न कामिनीला खुपला. मिहानमधल्या एका कंपनीतली रिसेप्शनची नोकरी सोडून तिने हे काम धरलं, ते माणसांत राहायला मिळेल म्हणून. अभ्यासिका झाली की दाराशी बसून हजेरी घेण्यापुरतं काम उरणार होतं.

त्याच आठवड्यात गोपिकाने सांगितलं की महिनाअखेरीस ती आपलं टेबल सोडणार. गोपिका काटोलची. घरच्या शेतातल्या जवसाची चटणी बाटल्यांत भरून विकायची.

“राग नका मानू, ताई. घरी एकटीच बसते मी, अन् इथंही एकटीच बसून राहिली. मंग इतक्या दुरून काहून यायचं?”

कामिनीने प्रयत्न केले नव्हते असं नाही. एका शनिवारी ओळखीपाळखीसाठी समोसे मागवले, तर लोकांनी समोसे कागदात गुंडाळून आपापल्या टेबलावर नेले. मग तिने चहाच्या खोलीत पांढरा फळा लावला. डाव्या बाजूला लिहिलं ‘मला येतं’, उजव्या बाजूला ‘मला मदत हवी’. डावी बाजू अर्ध्या तासात भरली. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेल्या रामाजींनी एकट्याने सहा ओळी घेतल्या. उजवी बाजू तीन आठवडे तशीच होती. तिथे एकच ओळ आली : ‘एसी कमी करा.’

“मदत मागायला काय जातं रे तुमचं?” तिने साहिलला विचारलं. साहिल वेबसाइट बनवायचा.

त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. “मी मांगितली तर सारे म्हणतील, याले येत नाही. मंग मले काम कोण देईन?”

बुधवारी सकाळी प्रिंटरच्या ट्रेमध्ये एक रंगीत कागद पडलेला होता. गोपिकाच्या बाटलीवरचं लेबल. ती कुरिअर टाकायला गेली होती. कागद हरवू नये म्हणून कामिनीने तो चुंबक लावून फळ्यावर अडकवला. मोकळी जागा उजवीकडेच होती.

दुपारी ती चहाला गेली, तर कागद लाल पेनाच्या शेऱ्यांनी भरलेला. रामाजींचं टोकदार अक्षर लगेच ओळखू आलं : ‘वजन लिहिलेले नाही. अक्षरे फार बारीक. साठीच्या गिऱ्हाइकाने काय करावे?’ त्याखाली साहिल : ‘क्यूआर कोड स्कॅन केला. वेबसाइटचं पान उघडत नाही.’ आणखी कुणीतरी : ‘बाटली गोल आहे ना? मग अर्धं नाव मागे जाईल.’

कामिनीने कागद काढायला हात घातला, तोच मागून आवाज आला.

“हे कोनं केलं?”

“चूक माझी आहे, गोपिका. मीच लावला होता.”

गोपिकाने सगळं दोनदा वाचलं. मग दारातून मान बाहेर काढून म्हणाली, “वजन लिवलं हाय न, काका. खाली पाहा.”

“खाली कुठं वं?” रामाजी आपल्या खुर्चीवरून म्हणाले. “मले तं दिसून नाही राहिलं.”

“चष्मा बदला मंग.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. रामाजी पट्टी घेऊन उठले. त्यांच्यामागून साहिल लॅपटॉप घेऊन आला. “कोड मागच्या साली बंद केलेल्या पानावर जाते. छापायले कधी द्यायचं हाय?”

“आज पाचले. पाच हजार.”

“पाच हजार? बस इथं.”

दोन टेबलं जोडली गेली. रामाजींनी बाटलीला कागद गुंडाळून समोरून किती दिसतं ते मोजलं. अक्षरं वाढली, कोड बदलला. हिरवा रंग मात्र गोपिकाने हलू दिला नाही. “रंगाचं तुमी नका सांगू, काका. तुमचं सारं आयुष्य निळ्या शाईत गेलं.” पाचला पाच मिनिटं असताना लेबल छापखान्याकडे गेलं.

कामिनीला जे उमगलं ते साधं होतं. ही माणसं मदत मागणार नाहीत, पण दुसऱ्याचं चुकलेलं पाहून गप्पही बसणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावरचे दोन्ही मथळे पुसले आणि लिहिलं : ‘अर्धवट काम इथे लावा.’

साहिलने एका वेबसाइटचं पहिलं पान लावलं. चार दिवसांनी रामाजींनी एका फार्महाऊसच्या फाटकाचा नकाशा लावला, आणि कुणी काय लिहिलं ते पाहायला दिवसभरात पाच वेळा चहा घेतला.

शनिवारी विक्कीभाऊ सुताराला घेऊन आले. सुतार मोकळा होता, म्हणून दिवाळीआधीच मापं घेऊन ठेवायची होती. हातात पार्टिशनचा नकाशा होता.

“हा माझ्याजवळ ठेवा, भाऊ,” कामिनी म्हणाली. “संध्याकाळी परत देते.”

संध्याकाळी नकाशा फळ्यावर होता आणि विक्कीभाऊ त्याच्यासमोर. ‘दार आत उघडते. गर्दीत कोपऱ्यातल्या चौघांना बाहेर पडता येणार नाही.’ ‘छत्तीस चार्जर, प्लग सहा.’ ‘संडास एकच?’ आणि खाली गोपिकाचं अक्षर : ‘माझं टेबल यात कुठं आहे? मी पुढच्या महिन्यातही येणार आहे.’

“हे फुकटात करतात?” विक्कीभाऊंनी विचारलं.

“थांबवलं तरी थांबत नाहीत.”

त्यांनी नकाशा काढून चार घड्या केल्या, खिशात घातला आणि सुताराला जायला सांगितलं. “उन्हाळ्यापर्यंत राहू द्या असंच. पण टेबलं भरा, ताई.” दारापर्यंत जाऊन ते परत आले. “माझ्या घराच्या जिन्याचा एक नकाशा हाय. लावला तं चालन काय?”

“सोमवारी आणा,” कामिनी म्हणाली. “आज लाल पेन संपला.”