मागे बघणारी

सिंधुबाईंनी काष्टा घट्ट खोचला, चपला धक्क्यावर नीट जोडून ठेवल्या आणि कुणाचाही हात न धरता त्या ट्यूबवर जाऊन बसल्या. हवा भरलेली पिवळी ट्यूब, शेजारीशेजारी तीन माणसं बसतील एवढी. पाण्यावर ती जराशी हलली, सिंधुबाई हलल्या नाहीत.

"भागे, बघ गं," त्या काठावर उभ्या असलेल्या बहिणीला म्हणाल्या. "गोरक्षाची बोट मला कशी वढून नेती ते बघ."

"बघते की. मी आपली हितूनच बघते," भागुबाई म्हणाल्या.

भागुबाई सकाळीच निफाडहून आल्या होत्या, खास बोट बघायला. बोट गोरक्षाची, म्हणजे सिंधुबाईंच्या थोरल्या मुलाची. धरणाच्या फुगवट्यावर त्याने हा धंदा मांडला आणि तेव्हापासून सिंधुबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी गंगापूर रोडकडून गाड्या येतात, शहरातली माणसं ट्यूबवर बसून पोरांसारखी किंचाळतात, आणि पुढे सुकाणूवर आपला लेक! हे त्यांनी बहिणीला फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं की भागुबाईंना ते पाठ झालं होतं. सुनेचं विचारलं की मात्र उत्तर आखूड व्हायचं.

"आन् हर्षाली काय करती गं बोटीवर?"

"काय करायचं? बसती. मागं तोंड करून."

ते खोटं नव्हतं. गोरक्ष पुढे बघून बोट चालवायचा आणि हर्षाली त्याच्याकडे पाठ करून, मागच्या ट्यूबकडे तोंड करून बसायची. नवराबायको दोघंही रीतसर शिकून आले होते. बोट चालवायला शिकावं लागतं हे सिंधुबाईंना पटलं होतं. बसायला काय शिकायचं असतं, ते काही केल्या पटलं नव्हतं.

आत्ताही हर्षाली तशीच बसली होती. तिच्या मांडीवर एक केशरी लाइफ जॅकेट होतं.

"आत्या, जॅकेट राहिलं," ती सासूला म्हणाली.

"मला कशाला ते? शहरातल्या लोकांना दे. मी विहिरीत वाढलेली बाई हाय. चल रं गोरक्षा."

गोरक्षाने सवयीने किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं. हर्षालीने हात सरळ वर केला. गोरक्षाच्या समोरच्या लहान आरशात तो हात दिसला, आणि इंजिन बंद झालं.

"काय झालं?" सिंधुबाईंनी विचारलं.

"तिचा हात वर हाय," गोरक्ष मान खाजवत म्हणाला. "हात वर असला की इंजिन बंद. आमचं ठरलंय तसं."

"आरं, मी आई हाय तुझी."

"घाल ना आई. कितीसं काम हाय ते."

"आत्या, रागावा पाहिजे तर," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण हात वरच होता. "जॅकेट घातल्याशिवाय दोर ताणायचा नाही."

धक्क्यावर पाच-सहा गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. त्यांतलं कुणीतरी हसलं. सिंधुबाईंच्या कानशिलापर्यंत आग गेली. आल्या होत्या तशाच, कुणाचा हात न धरता, त्या धक्क्यावर चढल्या. चपला पायांत सरकवल्या त्या उजवीची डावी, डावीची उजवी. तशाच फटकफटक चालत त्या बाभळीखाली बहिणीजवळ जाऊन बसल्या.

"बायकोच्या तालावर नाचतोय नुसता," त्या पुटपुटल्या. "चारचौघांत उतरवलं मला."

भागुबाई म्हणाल्या, "आपल्या बापानं कधी पाठीला भोपळा बांधल्याबिगर विहिरीत उतरू दिलं व्हतं का?"

"तवा मला पवता येत नव्हतं."

"आता येतंय, कबूल. पर ह्या नऊवारीला येतंय का?"

सिंधुबाईंनी तोंड फिरवलं. एरवी त्या हसल्या असत्या.

तेवढ्यात दोन गाड्या धुरळा उडवत आल्या. पहिलीतून मल्हारी अण्णा उतरले. पांढरेशुभ्र कडक कपडे, मागे नाशिकचे चार पाहुणे. गावात अण्णांचा शब्द खाली पडत नसे. त्यात हा धक्का ज्या जमिनीला टेकला होता ती जमीनही त्यांचीच. गोरक्षाला त्यांनी ती नुसत्या तोंडच्या शब्दावर वापरायला दिली होती. अण्णा थेट ट्यूबवर जाऊन बसले. पाहुण्यांनी मोबाइल वर केले.

हर्षालीने जॅकेट पुढे केलं. अण्णांनी ते हातानेच बाजूला सारलं.

"कपडे चुरगळतील. घे रे गोरक्षा, चांगली जोरात घे."

इंजिन सुरू झालं. हर्षालीचा हात वर गेला. इंजिन बंद झालं.

"सूनबाई, हात खाली घ्या," अण्णा हसत म्हणाले. "ही जागा कुणाची हाय, ठाऊक हाय ना?"

हसले ते एकटेच. गोरक्षाचा हात किल्लीवर होता आणि तिथेच राहिला होता. बाभळीखालून सिंधुबाईंना तो हात स्पष्ट दिसत होता. किल्ली नाही फिरली तर जागा जाईल, महिनाभर मिरवलेला लेकाचा धंदा बसेल. आणि फिरली, तर मघाचा नियम निव्वळ आईपुरता होता असं होईल. आईला उतरवायचं आणि अण्णाला फिरवायचं! सुनेच्या हाताकडे त्यांनी पाहिलं. तो काही खाली येत नव्हता.

सिंधुबाई उठल्या. उलट्या चपलांनिशी धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या.

"मल्हारी!"

या वयात अण्णांना नुसतं मल्हारी म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी दचकून वर पाहिलं. ते पोर असताना याच बाईने पोहायला शिकवायला त्यांच्या पाठीला भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं.

"जॅकेट घाल, नायतर उतर खाली. मघाशी तिनं सासूला उतरवलंय, सगळ्यांच्या देखत. तू कोण लागून गेलास?"

पाहुण्यांचे मोबाइल हळूहळू खाली आले.

"तुम्हाला बी उतरवलं, मावशी?" अण्णांनी विचारलं.

"मग! हात आसा वर केला, बास. लेकाची काय बिशाद किल्ली फिरवायची!" आणि सिंधुबाईंनी हात सरळ वर करून दाखवला, जणू तो हात त्यांनीच सुनेला शिकवला होता.

अण्णा आता खरं हसले. "मग तुम्ही बी घाला. तुम्ही घातलं की मी घालतो."

हे काही सिंधुबाईंच्या हिशोबात नव्हतं. त्यांनी वळून बाभळीकडे पाहिलं. भागुबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. सिंधुबाईंनी चपला काढल्या, बोटीत पाय ठेवला, आणि या वेळी हर्षालीने पुढे केलेला हात धरला.

"बांध गं," त्या म्हणाल्या. "घट्ट बांध. भोपळा ढिला बांधला की माणूस खाली आन् भोपळा वर येतो."

हर्षालीने पट्टे आवळले. मग खांद्याशी धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही. पांढऱ्या कपड्यांवर अण्णांचंही तसंच बांधून झालं. सिंधुबाई ट्यूबवर अण्णांशेजारी बसल्या, तेव्हा कुठे हर्षालीने गोरक्षाला निघायची खूण केली.

पाण्यात लोळणारा दोर हळूहळू वर आला, ताठ झाला आणि ट्यूब हिसका न देता निघाली. मग वेग वाढला. वारा तोंडावर आला, तुषार उडाले, अण्णा पोरासारखे ओरडले. सिंधुबाईंना काठ बघायचा होता, बहीण बघतेय का ते बघायचं होतं. पण समोर हर्षाली होती आणि त्यांची नजर तिथेच अडकली. ती डोंगराकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत नव्हती. केस तोंडावर आले तरी डोळे न हलवता तिने ते मागे सारले. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती, आधी सासूकडे, मग अण्णांकडे, पुन्हा सासूकडे. तापात रात्रभर उशाशी बसणारं माणूस बघतं तसं.

वळणावर ट्यूब बाहेर फेकली गेली, लाटेवर आपटली आणि अण्णा एका बाजूला घसरले. "अगं आई" त्यांच्या तोंडातून निघायच्या आत हर्षालीचा हात वर होता, आणि अण्णांचा पाय पाण्याला लागेपर्यंत इंजिन शांत झालं होतं. अण्णा धडपडत परत नीट बसले. त्यांनी कपड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"सूनबाई, आता जरा बेतानं," ते म्हणाले.

धक्क्यावर सिंधुबाई निथळत उतरल्या. भागुबाई धावत पुढे आल्या, आपल्या पदराने बहिणीचं तोंड पुसायला लागल्या.

"एवढ्या जोरात! भ्या नाय वाटलं तुला?"

"कशाचं भ्या?" सिंधुबाई म्हणाल्या. "ती बघत व्हती की."